आपला कांदा कुठे आहे? जुन्नर-आंबेगावातून जगाची विषमता समजून घेताना



८ डिसेंबर २०२३ ला केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. त्याआधी ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यात शुल्क लावले होतेच. ओतूर, आळेफाटा, मंचर, नारायणगाव या सगळ्या बाजारांत भाव कोसळले आणि महिनाअखेरीस शिवनेरीवरून पुण्याकडे शेतकरी आक्रोश मोर्चा निघाला. त्या आठवड्यात एका गावच्या विहारात आमचा अभ्यासवर्ग होता. मोर्चाला जायचे की नाही यावर चर्चा चालली असताना मागे बसलेला एक तरुण म्हणाला, "दादा, कांदा त्यांचा, भाव त्यांचा, मोर्चा त्यांचा. यात आपला कांदा कुठे आहे?"

वर्गात हशा पिकला, पण उत्तर कुणालाच देता आले नाही. आम्हालाही नाही. त्याच्या आईने त्या हंगामात कांदा लावला होता, खुरपला होता आणि काढलाही होता, फक्त तो दुसऱ्याच्या रानात. ज्याच्या नावावर सातबारा नाही त्याचा बाजारभावाशी संबंध काय, हा त्याचा खरा प्रश्न होता. समाजशास्त्रात या प्रश्नाचा अभ्यास ज्या शाखेत होतो तिला राजकीय अर्थव्यवस्था म्हणतात. नाव जड आहे, पण विषय रोजचा आहे: संपत्ती कोण निर्माण करतो, ती कुणाच्या हातात जाते आणि हे वाटप ठरवण्याची सत्ता कुणाकडे असते.

आपल्या भागातल्या लेण्यांपासून सुरुवात करू, कारण बौद्ध तरुण लेण्यांवर जातात, वंदना घेतात, फोटो काढतात, पण तिथले शिलालेख पैशांविषयीही बोलतात हे फारसे सांगितले जात नाही. जुन्नरचे महत्त्व नाणेघाटामुळे होते. कोकणातल्या कल्याण आणि सोपारा बंदरांतून येणारा माल या घाटाने वर चढून जुन्नरमार्गे पैठणकडे जात असे. घाटाच्या तोंडाशी असलेला दगडी रांजण जकातीचा होता, असे परंपरेने सांगतात. लेण्याद्री, मानमोडी, शिवनेरी, तुळजा या डोंगरांतली लेणी या व्यापाराच्या काळातली आहेत. दान देणाऱ्यांत यवन, म्हणजे पश्चिमेकडून आलेले लोक आहेत. एकाने पाण्याची टाकी दिली, एकाने भोजनमंडप. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि एक टाके दिले. बांबूकाम करणारे आणि कासार यांच्या श्रेणींकडे संघासाठी ठेव ठेवल्याचे उल्लेखही आहेत. बांबूकाम करणाऱ्यांची संघटना लोकांच्या ठेवी सांभाळत होती, हे थोडे थांबून वाचण्यासारखे आहे. पुढे जातिव्यवस्थेने याच कारागिरांना कुठे नेऊन बसवले ते आपल्याला माहीत आहे.

त्याच वाटेवर, नाणेघाटाच्या गुहेत, सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. त्यात अश्वमेधासारखे यज्ञ आणि त्यांत दक्षिणा म्हणून दिलेल्या गायी, घोडे, हत्ती, कार्षापण यांची जंत्री आहे. एकाच घाटाच्या उत्पन्नाच्या प्रदेशात एक वाटा यज्ञाच्या दक्षिणेकडे जात होता आणि एक वाटा भिक्खूंच्या निवाऱ्याकडे व पाण्याकडे. पोट भरून उरलेल्या उत्पन्नाला अर्थशास्त्रात वरकड म्हणतात. समाज कसा आहे हे ओळखायचे असेल तर त्याचे वरकड कुठे जाते ते पाहावे, असे आम्ही वर्गात सांगतो.

पण इथे एक सावधगिरी हवी. जुन्नर दोन हजार वर्षांपूर्वीच जागतिकीकरणात होते, असे भाषणात ऐकायला मिळते. टाळ्या मिळतात, पण ते तितकेसे बरोबर नाही. तो व्यापार मुख्यतः मौल्यवान मालाचा होता. रोममध्ये काही घडले म्हणून जुन्नरच्या शेतकऱ्याची भाकरी महाग होत नव्हती. सामान्य माणसाचे जगणे दूरच्या बाजाराला बांधले जाणे ही नंतरची गोष्ट आहे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ इमॅन्युएल वॉलरस्टाईन यांनी १९७४ मध्ये आपल्या जागतिक व्यवस्थेवरील ग्रंथाचा पहिला खंड प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी या व्यवस्थेची सुरुवात सोळाव्या शतकात धरली. त्यांच्या मते जग हे श्रीमंत आणि गरीब देशांची नुसती यादी नाही, ती एकच यंत्रणा आहे. तिच्या केंद्रात भांडवल, तंत्र आणि भाव ठरवण्याची ताकद असते. परिघावरून कच्चा माल आणि स्वस्त मजुरी येते. मधे अर्धपरिघ असतो, जो वरच्याकडून पिळला जातो आणि खालच्याला पिळतो. त्याआधी १९६६ मध्ये आंद्रे गुंडर फ्रँक यांनी लॅटिन अमेरिकेच्या अभ्यासावरून मांडले होते की मागासलेपण ही विकासाच्या आधीची पायरी नसते, ते विकासाबरोबरच तयार केले जाते.

हे आपल्याकडे कसे घडले? १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिथल्या गुलामांनी पिकवलेला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून भारतीय कापसाला सोन्याचा भाव आला. दख्खनमध्ये पैसा आला, सावकारांनी हात सैल सोडून कर्जे दिली. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव पडले, आणि सावकारांनी वसुली लावली. त्याच सुमारास सरकारने पुणे जिल्ह्याच्या काही तालुक्यांत शेतसाराही वाढवला होता. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि खतपत्रे जाळली. आपल्या डोंगरात त्याही आधी आग लागली होती. जांभोरीचा होन्या केंगले हा महादेव कोळी तरुण टोळी उभारून सावकारांवर तुटून पडत होता. नाके कापल्याच्या कथा आजही त्या खोऱ्यात सांगतात. १८७६ मध्ये तो पकडला गेला. होन्याच्या भागात कापूस पिकत नव्हता, त्यामुळे त्याचे बंड थेट अमेरिकेच्या युद्धातून आले असे आम्ही म्हणणार नाही. पण सावकारी, कोर्ट आणि रोख सारा ही जी चौकट त्याच्या जमिनी खात होती, तिनेच सुप्यालाही पेटवले. १८७९ मध्ये सरकारला शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला.

आता हिरड्याकडे या. जुन्नर आणि आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात महादेव कोळी, ठाकर, कातकरी कुटुंबांना रोख पैसा मिळवून देणारी जी मोजकी साधने आहेत, त्यांत हिरडा मोठा. बाळहिरडा कोवळा असताना झाडावर चढून काढायचा, उन्हात काळा होईपर्यंत वाळवायचा आणि पोत्यात भरून व्यापाऱ्याकडे न्यायचा. त्रिफळ्यातला हाच एक घटक. कातडी कमावण्यासाठीही तो लागतो, आणि इंग्रजांच्या काळापासून तो परदेशी जातो आहे. फांदी मोडून पडण्याचा धोका चढणाऱ्याचा, आणि भाव मात्र तो सांगत नाही. औषधाची डबी किंवा चामड्याची वस्तू जिथे विकली जाते तिथून मागे येत येत जे उरेल ते त्याचे. १९५० च्या सुमारास राउल प्रेबिश आणि हान्स सिंगर यांनी स्वतंत्रपणे दाखवले होते की कच्चा माल विकणाऱ्यांना पक्क्या मालाच्या तुलनेत काळाच्या ओघात कमी कमी मोल मिळत जाते. त्यांनी देशांबद्दल लिहिले, पण हिरडा वेचणाऱ्या बाईला ते समजावून सांगावे लागत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळाने हिरड्याची झाडे झोडपली. त्याच्या भरपाईसाठी आदिवासी शेतकऱ्यांना किसान सभेच्या झेंड्याखाली वर्षानुवर्षे आंदोलने करावी लागली, कारण शेतातले पीक मोजण्याची सवय असलेल्या यंत्रणेला जंगलातल्या झाडाचे नुकसान कसे धरायचे हाच प्रश्न होता.

म्हणजे केंद्र आणि परिघ फक्त लंडन आणि जुन्नरमध्ये नाही. आपल्या तालुक्यांच्या आतही ही रेघ आहे. घोड नदीवरचे डिंभे धरण आंबेगावच्या आदिवासींच्या जमिनी बुडवून उभे राहिले. ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळाले ते जुने आंबेगावही पाण्याखाली गेले. कुकडी प्रकल्पाच्या येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या पाच धरणांचे पाणी जुन्नर-आंबेगावच्या पूर्व भागाला, शिरूर-पारनेरला आणि खाली करमाळ्यापर्यंत जाते. तिथे ऊस, द्राक्षे, टोमॅटो. धरणाच्या काठावरच्या वाड्यांना उन्हाळ्यात डोक्यावर हंडा. पाणी खाली गेले आणि त्यामागोमाग माणसेही खाली गेली. पश्चिमेकडच्या वाड्यांतून मजूर नारायणगावच्या बागायतीत खुडणीला येतात. त्यांच्याच शेजारच्या ओळीत आमच्या बौद्ध वस्त्यांतल्या बाया असतात.

आणि ती बागायत तरी कुठे सुरक्षित आहे? जुलै २०२३ मध्ये नारायणगावला टोमॅटोच्या २० किलोच्या क्रेटला दोन हजारांच्या पुढे भाव गेला. जुन्नरचा शेतकरी कोट्यधीश झाल्याच्या बातम्या देशभर आल्या. ऑगस्टमध्ये सरकारने नेपाळहून टोमॅटो आणायचे ठरवले आणि पुढच्या काही आठवड्यांत भाव गडगडले. शहरातला ग्राहक चिडू नये यासाठी शेतमालाचा भाव दाबायचा, हा निर्णय राजकीय असतो. कांद्याची निर्यातबंदी ४ मे २०२४ ला उठली, तीही टनाला ५५० डॉलर किमान दर आणि ४० टक्के शुल्क ठेवून. शिरूर लोकसभेचे मतदान १३ मे ला होते. ज्याला राजकीय अर्थव्यवस्था हा शब्द कळत नाही त्याने या दोन तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात.

मात्र क्रेट दोन हजारांवर गेली तेव्हा खुडणाऱ्या बाईची मजुरी त्या पटीत वाढली नाही. भाव पडला की तिचे काम आधी बंद होते. चढत्या भावात तिला वाटा नाही आणि पडत्या भावात झळ पहिली. वॉलरस्टाईनचा अर्धपरिघ म्हणजे काय हे समजायला यापेक्षा सोपे उदाहरण आम्हाला सापडले नाही. बागायतदार वरच्या बाजारात हरतो आणि ते ओझे तो खाली मजुराच्या अंगावर टाकतो. सगळेच दुष्ट असतात म्हणून नव्हे. त्याला ओझे टाकायला दुसरी जागाच नसते म्हणून. जात इथे उपयोगी पडते, कारण कोण किती कमी मजुरीत काम करील हे तिने आधीच ठरवून ठेवलेले असते.

जागतिक विषमता अहवाल २०२२ नुसार जगातल्या वरच्या १० टक्के लोकांकडे ७६ टक्के संपत्ती आहे आणि खालच्या निम्म्या लोकसंख्येकडे २ टक्के. भारतात वरचे १० टक्के राष्ट्रीय उत्पन्नाचा ५७ टक्के भाग घेतात, खालच्या निम्म्यांना १३ टक्के मिळतो. असे आकडे फलकावर लिहिले की तरुण हळहळतात आणि विसरतात. सातबाऱ्याचा विषय काढला की मात्र वर्ग रात्री अकरापर्यंत चालतो.

कारण जमिनीचा प्रश्न आपला आहे आणि तो बाबासाहेबांनी फार आधी नीट मांडला. १९१८ च्या लहान धारणक्षेत्रांवरच्या निबंधात ते म्हणतात की शेतीचे दुखणे केवळ तुकडा लहान असण्यात नाही. जमिनीवर गरजेपेक्षा जास्त माणसे अवलंबून आहेत आणि त्यांचे श्रम वाया जातात. उपाय म्हणून त्यांनी औद्योगिकीकरण सांगितले. त्या उपायाचे आजचे रूप आपल्या तरुणांना रोज दिसते: पुणे-नाशिक रस्त्याने चाकणला जायचे, ठेकेदाराकडे काही महिने काम करायचे, ब्रेक घ्यायचा आणि पुन्हा रांगेत उभे राहायचे. शेतीतून बाहेर पडलेला माणूस कारखान्यात कायम होत नाही. बाबासाहेबांना अपेक्षित होते ते हे नव्हते. १९४७ च्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' मध्ये त्यांनी मूलभूत उद्योग आणि शेती राज्याच्या मालकीची असावी असे मांडले ते खासगी हातांवरचा हाच अविश्वास धरून.

मग मोर्चाला जायचे का? आमच्यात यावर दोन मते होती आणि अजूनही आहेत. काहींचे म्हणणे असे की ज्या गावात आपल्या मिरवणुकीला रस्ता नाकारला जातो त्या गावच्या भावासाठी आपण का ओरडायचे. हा राग खोटा नाही. तरी आमचे मत जावे असे आहे, पण रिकाम्या हाताने नव्हे. निर्यातबंदीला विरोध करतानाच मजुरीचा दर, बायांना पुरुषांइतका रोज, उचलीच्या व्यवहाराची नोंद या मागण्या त्याच व्यासपीठावर मांडाव्यात. व्यासपीठ मिळाले नाही तर तेही कळेल.

समाज बदलतो तो अशा ठोस मागण्यांवर. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह झाले तेव्हा मागणी साधी होती, पडीक आणि गायरान जमीन कसणाऱ्याला द्या. वनहक्क कायदा २००६ ने गौण वनोपजाची मालकी हक्कदारांना दिली. हिरडा त्यातच येतो, पण सामूहिक हक्काचा दावा मंजूर करून घेतला आणि विक्री ग्रामसभेने हाती घेतली, तरच त्या कलमाला अर्थ आहे. डिंभेच्या जलाशयात विस्थापितांनी सहकारी संस्था करून मासेमारीचा हक्क मिळवला, हे आपल्या डोळ्यांसमोरचे उदाहरण आहे. आणि १९५८ च्या कायद्याने महार वतने गेली, जमिनी पुन्हा वतनदारांना दिल्या गेल्या, त्यांचे पुढे काय झाले याची गावनिहाय माहिती आपल्याकडे नाही.

म्हणून अभ्यासवर्गाने एक काम घेतले आहे. प्रत्येकाने आपल्या गावच्या तलाठ्याकडून इनाम वर्ग ६ ब च्या जमिनींची यादी काढायची. आज त्या कुणाच्या ताब्यात आहेत, विकल्या असतील तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी होती का, फेरफार कोणत्या वर्षी झाला, एवढेच टिपायचे. सोबत वस्तीतल्या किती बाया मजुरीला जातात आणि कोणत्या पिकाला किती रोज मिळतो याचा तक्ता. कांद्याचा प्रश्न विचारणाऱ्या त्या तरुणाने आपल्या गावाची यादी सर्वात आधी आणली. त्यात त्याच्या पणजोबांचे नाव होते आणि त्यापुढे १९७० च्या दशकातला एक फेरफार. सध्या तो त्या फेरफाराची नक्कल मिळवण्यासाठी तहसील कार्यालयाच्या चकरा मारतो आहे.