पांढऱ्या काठीला आली नवी जाण

अंध व्यक्तीच्या हातातील पांढरी काठी जमिनीवरचे बरेच काही सांगते. पायरी, खड्डा, फुटपाथची कड किंवा वाटेतला दगड काठीच्या टोकाला लागला की पाऊल सावध होते. परंतु गुडघ्याच्या वर काय आहे, हे ती सांगू शकत नाही. रस्त्याच्या बाजूला उघडलेली खिडकी, झाडाची खाली वाकलेली फांदी, भिंतीबाहेर आलेला कूलर, उभ्या ट्रकची मागची फळी... काठी यांच्या खालून निघून जाते आणि कपाळ मात्र आदळते.

असे एक-दोनदा झाले की घरचे लोक काळजीपोटी म्हणतात, ‘‘आता एकट्याने बाहेर जायचे नाही.’’ जखम काही दिवसांत भरून येते, पण घरात कोंडली गेलेली व्यक्ती शिक्षण, नोकरी, मित्रमंडळी या सगळ्यालाच मुकते.

विद्यार्थ्यांची कल्पकता

या अडचणीवर दिल्लीच्या आयआयटीत उपाय शोधला गेला. प्राध्यापक एम. बालकृष्णन यांच्या मार्गदर्शनाखाली रोहन पॉल आणि त्यांच्या सहकारी विद्यार्थ्यांनी ‘स्मार्टकेन’ हे उपकरण तयार केले. ‘सक्षम’ ही दिल्लीची संस्था आणि चेन्नईची फिनिक्स मेडिकल सिस्टिम्स ही कंपनी या कामात सहभागी झाली. अंध व्यक्तींनी ते वापरून पाहिले आणि त्यांच्या सूचनांनुसार त्यात सुधारणा होत गेल्या. २०१४ मध्ये स्मार्टकेन बाजारात आली. परदेशी बनावटीच्या अशा काठ्यांची किंमत हजारो रुपयांच्या घरात होती. स्मार्टकेन मात्र तेव्हा सुमारे ३,००० रुपयांत मिळू लागली.

वटवाघळाची युक्ती

हे उपकरण नेहमीच्या घडीच्या काठीच्या मुठीवर बसवले जाते. त्यातून माणसाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी पुढे सोडल्या जातात. समोर काही असेल तर त्या त्यावर आपटून परत येतात. वटवाघूळ अंधारात याच पद्धतीने वाट काढते. ३ मीटरवरच्या वस्तूपासून निघालेला प्रतिध्वनी सेकंदाच्या पन्नासाव्या भागाहूनही कमी वेळात परततो. या वेळेवरून अंतर मोजले जाते आणि मूठ थरथरते. अंतर बदलले की थरथरण्याची रीतही बदलते. आवाजाऐवजी कंपन निवडण्याचे कारण साधे आहे: रस्त्यावर अंध व्यक्तीचे कान वाहनांचा अंदाज घेण्यात गुंतलेले असतात.

घरच्यांनी काय करावे?

स्मार्टकेन खड्डा किंवा उतरती पायरी सांगत नाही. ते काम काठीच्या टोकाचेच आहे. समोर फांदी आहे की माणूस, हेही तिला कळत नाही. म्हणूनच ती विकत आणून हातात दिली की काम संपले, असे नाही. आधी साध्या काठीने चालण्याचे आणि मग कंपने ओळखण्याचे शिक्षण प्रशिक्षकाकडून घ्यावे लागते. या काळात घरच्यांनी ‘‘राहू दे, मी धरते हात,’’ असे म्हणण्याचा मोह आवरायला हवा. घरातील सामानाची जागा न सांगता बदलू नये, दारे अर्धवट उघडी ठेवू नयेत.

शेजाऱ्यांचीही थोडी जबाबदारी आहे. फुटपाथकडे उघडणारी खिडकी आठवणीने लावणे किंवा डोक्याला लागेल अशी फांदी छाटून घेणे, याला पैसे फारसे लागत नाहीत. पण त्यामुळे कुणाचे तरी एकट्याने बाहेर पडणे थांबत नाही.