अठरा धान्यांत सोयाबीन नाही

बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळच्या शिवारात अजून पुरतं उजाडलेलं नाही. नांगरलेल्या वावरात माणसं दाटीवाटीनं उभी आहेत. कुणी जामोदहून आलंय, कुणी नांदुऱ्याहून, कुणी थेट खान्देशातून मोटारसायकल हाणत. ढेकळांवर पाय ठरत नाही, तरी जो तो पुढच्याच्या खांद्यावरून मोबाइल उंच धरून आहे.

काल अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी वाघ घराण्यातल्या मंडळींनी इथं घट मांडला. गोल रिंगणात अठरा धान्यं, मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यांवर पाण्यानं भरलेली घागर, घागरीवर पुरी, पापड, वडा, भजी, करंजी, कुरडई, आणि शेजारी पानाचा विडा. रात्रभर तिकडं कुणी फिरकायचं नाही. आता पहाटे महाराज वाकून पाहताहेत: कुठला दाणा घरंगळला, कुठलं ढेकूळ किती भिजलं. चंद्रभान महाराजांनी ही मांडणी सुरू केली, तिला साडेतीनशे वर्षं झाली, असं गावात सांगतात.

भाकीत सुरू होतं तसा गलका वाढतो. मागच्यांना ऐकू येत नाही, म्हणून वाक्य तोंडातोंडी मागं सरकतं. "जून काय म्हणला?" "जुलैचं सांग ना बे!" माझ्या शेजारचा तिशीतला तरुण वहीत महिने लिहितोय. विड्याची पाळी आली की सगळे चिडीचूप, कारण विडा म्हणजे राजा. 2024 साली लोकसभेच्या आचारसंहितेमुळं राजाचं भाकीत जाहीर झालं नव्हतं. पेरण्या तरीही झाल्या. कुरडई म्हणजे चारा. तिचं वाक्य एका दमात येतं नि जातं. तरुणाच्या वहीत ते नाही.

"चाऱ्याचं लिहिलं नाही?" मी विचारतो.

"त्यात काय लिहाचं? ढोरंच कुठी राह्यली?"

त्याचे वडील मात्र रिंगणाकडं बोट दाखवून धान्यं मोजताहेत. अंबाडी, सरकी, ज्वारी, तूर, तीळ, भादली, जवस, लाख, करडी... निम्म्या पिकांची नावं पोराला आता फक्त इथंच ऐकायला मिळतात. आणि ज्याचा पेरा आज जिल्ह्यात सगळ्यांत जास्त, ते सोयाबीन रिंगणात नाहीच. ही मांडणी सुरू झाली तेव्हा ते इकडं आलंच नव्हतं. अंधश्रद्धा निर्मूलन समितीवाले या भाकिताला शास्त्रीय आधार नाही म्हणतात, आणि त्यांचं खरंच आहे. ढेकळांच्या ओलीवरून सप्टेंबरचा पाऊस कळत नाही. पण पिकांची जुनी हजेरी म्हणून हे रिंगण मला मोलाचं वाटतं. त्यात माणसाच्या ताटाबरोबर ढोराच्या दावणीचाही हिशेब आहे.

ऊन चढायच्या आत गर्दी चहाच्या ठेल्याकडं वळते. खरी पेरणीची चर्चा तिथं रंगते. बाकावर एक सहायक कृषी अधिकारी बसलेत. सुट्टी टाकून, साध्या कपड्यांत, पण ओळखलेच जातात. एक जण त्यांच्यापुढं मोबाइल धरतो. फोटोत ओलं पोतं उलगडलंय, त्यावर दहा-दहाच्या ओळीत घरच्या सोयाबीनचे शंभर दाणे. बहुतेकांना पांढरे, वाकडे मोड. काही नुसतेच फुगलेले, बोटानं दाबले तर चिकट पाणी सुटेल असे.

"चौसष्ट निघाले साहेब."

"सत्तरच्या खाली आहे. बियाणं वाढवा, नाहीतर बदला. आणि 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याबिगर तिफण काढू नका, महाराज काही म्हणोत."

हवामान खात्याचा पहिला अंदाज एप्रिलमध्येच येऊन गेलाय, टक्केवारीत, अख्ख्या देशाचा. इथल्या माणसाला आपल्या शिवाराचं हवंय. ते ना खातं देतं, ना घट. पोत्यावरचे मोड तेवढे त्याच्याच घरचं सांगतात.

वहीवाल्या तरुणाचे म्हातारे वडील मध्येच विचारतात, "साहेब, सोयाबीनचं कुटार ढोरं खात काहून नाहीत?"

"पीक वाळता वाळता पाला सगळा वावरातच गळते. मळणीत उरते काय? काड्या अन् टरफलं."

"ज्वारी होती तं कडबा होता," म्हातारे म्हणतात. त्यांच्याकडं एक म्हैस नि गोऱ्हा उरलाय. गावचं ई-क्लास गायरान अर्धं अतिक्रमणात गेलं. उरलेल्यात बारमाही चराई, त्यामुळं पवन्या गवत संपलं नि कुसळ माजलं, जे फुटलं की ढोराच्या तोंडात रुततं. पावसाळाभर एक तुकडा बंद ठेवून पहिल्या पावसाआधी त्यात स्टायलो या चारापिकाचं बी फेकलं, तर दोन-तीन वर्षांत गवत परततं. पण बंद ठेवायचं कुणी सांगायचं, यावर ग्रामसभेत भांडणं होतात. विहिरीच्या पाण्यावर हिरवा चारा करावा, तर पूर्णेकाठचा हा खारपाणपट्टा.

"यंदा अर्धा एकर ज्वारी टाकू," म्हातारे पोराला म्हणतात.

"राखण कोण करते? पाखरं, डुकरं, रोही. सोयाबीनले इतकं नाही."

"मी करतो. मले माळा बांधून दे."

"या वयात माळ्यावर?"

सहायक कृषी अधिकारी तोडगा काढतात: दाण्याची आशा सोडा, नुसत्या चाऱ्यासाठी पेरा. दाट, एकरी सोळा किलो बी. अर्धं पीक फुलोऱ्यात आलं की कापा. दाणाच भरला नाही तर पाखराचं भेव नाही. मात्र कोवळ्या ज्वारीत ढोर सोडू नका, पाण्याचा ताण बसलेल्या पिकात तर मुळीच नाही. त्यात विष असते, घटकाभरात जनावर पडते.

पोरगा वही उघडतो. जून-जुलैच्या ओळींखाली लिहितो: चारा ज्वारी, आठ किलो. मग पेन थांबतं.

"पाखराचं झालं साहेब. रोह्याचं काय?"

रोह्यावर, म्हणजे नीलगायीवर, सहायक कृषी अधिकाऱ्यांकडं उत्तर नाही. ते ठेलेवाल्याला आणखी तीन कट चहा सांगतात.