लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेनंतरची भ्रमंती: गैरसमज आणि वस्तुस्थिती

अतिस्थूलतेवर शस्त्रक्रिया करवून घेतलेल्या मनुष्याने गडकिल्ले चढण्याचा, पंढरीच्या वारीत पायी चालण्याचा किंवा हिमालयातील एखाद्या तीर्थाची वाट धरण्याचा विचार नुसता बोलून दाखविला, तरी त्याला दोन प्रकारचे सल्लागार भेटतात. एक म्हणतात, ‘पोट कापलेले आहे, आता जन्मभर जपून राहा’. दुसरे म्हणतात, ‘वजन उतरले ना, मग आता वाटेल तेथे जा’. पहिल्यांच्या बोलण्यात माया असते, दुसऱ्यांच्या बोलण्यात उत्साह असतो. परंतु शरीरशास्त्राचा आधार दोघांनाही नाही. माझ्या मते या शस्त्रक्रियेने प्रवासाचा अधिकार यत्किंचितही उणावत नाही; बदलते ते एवढेच की, आजवर भूक आणि तहान यांच्या अंमलाखाली चाललेला खाण्यापिण्याचा कारभार यापुढे घड्याळाच्या स्वाधीन करावा लागतो.

पोट कापलेला मनुष्य कायमचा अशक्त होतो, ही समजूत सर्वांत दृढ आहे. १९६६ मध्ये अमेरिकेतील आयोवा येथे डॉ. एडवर्ड मेसन यांनी जठराच्या बायपासचा पाया घातला, तेव्हा पोटावर मोठा छेद घ्यावा लागे; आज हे काम बहुतांशी दुर्बिणीच्या साहाय्याने, बोटाच्या पेरापेक्षा लहान अशा काही छिद्रांतून होते. ‘स्लीव्ह’ या प्रकारात जठराचा तीनचतुर्थांशाहून अधिक भाग काढून टाकून नळीसारखा भाग शिल्लक ठेवतात. ‘बायपास’ या प्रकारात जठराच्या वरच्या टोकाशी जेमतेम तीस मिलिलिटर मावतील एवढी पिशवी तयार करून ती लहान आतड्याच्या पुढील भागाशी जोडतात. पायांचे स्नायू, फुप्फुसे आणि हृदय यांना यात कोणी हात लावीत नाही. पोटाच्या भित्तिकेवरील छेद भरून येईपर्यंत, म्हणजे साधारणतः चार ते सहा आठवडे, जड ओझे उचलण्यास मनाई असते. ती मुदत संपली आणि शल्यविशारदाने संमती दिली की, पाठीवर सॅक घेण्यास कोणताही शास्त्रीय आक्षेप उरत नाही. उलट, गुडघेदुखीने ग्रस्त अशा स्थूल वृद्ध स्त्रीपुरुषांवर वेक फॉरेस्ट विद्यापीठात झालेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, शरीराचे वजन एक किलोने घटले, तर चालताना पडणाऱ्या प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. तीस-चाळीस किलो वजन उतरलेल्या मनुष्याला रायगडाच्या पायऱ्या पूर्वीपेक्षा सुसह्य का वाटतात, याचे उत्तर या हिशेबात आहे.

पण वजन उतरले म्हणजे शरीर आपोआप कणखर झाले, असे मात्र नव्हे. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत मेदाबरोबर स्नायूंचाही काही अंश झिजतो आणि बदललेल्या देहाचा तोल पायांना नव्याने शिकावा लागतो. लोखंडी शिड्यांवरून १६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईवर जाण्याची उमेद धरणाऱ्याने त्याआधी कित्येक आठवडे रोज चालण्याचा, जिने चढण्याउतरण्याचा आणि हलक्या वजनांनी व्यायाम करण्याचा रिवाज ठेवला पाहिजे. दररोज साठ ते ऐंशी ग्रॅम प्रथिने पोटात जातील अशी तजवीजही केली पाहिजे, कारण प्रथिनांवाचून केलेला व्यायाम स्नायू बांधण्याऐवजी मोडतो.

‘घरी सोडले म्हणजे प्रवासाला मोकळीक मिळाली’ ही समजूत त्याहून घातक आहे. पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाण्याचा धोका या शस्त्रक्रियेनंतर असतो, आणि अशा घटनांपैकी बहुतेक रुग्णालयातून परतल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात घडतात. चार तासांहून अधिक काळ एका जागी बसून केलेल्या प्रवासाने हा धोका निरोगी माणसातही सुमारे दुपटीने वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये नमूद केले आहे. आणि ते केवळ विमानाला नव्हे, तर मोटार, एसटी आणि आगगाडी यांनाही लागू आहे. सबब पहिला लांबचा प्रवास केव्हा करावा, हे शल्यविशारदाला विचारूनच ठरवावे, आणि पुढेही गाडीत तासातासाने उठून पाय मोकळे करावेत.

आता भुकेकडे वळू, कारण प्रवासातील बहुतेक फजिती येथेच होते. १९९९ मध्ये मासायासू कोजिमा आणि केंजी कांगावा या जपानी संशोधकांनी घ्रेलिन हे भूक चेतविणारे संप्रेरक शोधून काढले. त्याचा मोठा वाटा जठराच्या ज्या वरच्या फुगीर भागात निर्माण होतो, तोच भाग स्लीव्हमध्ये काढला जातो. त्यामुळे निदान सुरुवातीचा बराच काळ भूक मंदावते, आणि दिवसभर चढण चढूनही ‘मला काही नको’ असे मनुष्य प्रामाणिकपणे सांगतो. सोबतीही त्याची इच्छा मानून आग्रह सोडतात, आणि तिसऱ्या प्रहरी त्याचे पाय लटपटू लागतात. भूक लागली की खाऊ, हा आपला परंपरागत नियम येथे कुचकामाचा ठरतो. दोन-अडीच तासांनी घड्याळ पाहून चार घास नीट चावून खाणे हाच खरा बंदोबस्त. आपल्या खेड्यांत मिळणारे पिठले या कामी उत्तम, कारण ते मऊ असून डाळीच्या पिठामुळे प्रथिनयुक्तही असते. उकडलेले अंडे, पनीर, दही, भाजलेले चणे यांचीही साथ असावी. भाकरीचा कोरडा तुकडा घाईने गिळला तर तो अडकून छातीत दुखते, म्हणून ती पिठल्यात कालवून घ्यावी.

थकवा आला की साखर द्यावी, ही समजूत इतकी सार्वत्रिक आहे की, दमलेल्याच्या हातात ग्लुकोजचे पाणी किंवा उसाचा रस ठेवणे हा आपल्याकडे शिष्टाचारच झाला आहे. मोठ्या पेलाभर उसाच्या रसात तीस ग्रॅमहून अधिक साखर असते. ती, विशेषतः बायपास झालेल्याच्या, आतड्यात एकदम उतरली की दहा मिनिटांपासून अर्ध्या तासाच्या आत धडधड, घाम, पोटात कळा आणि चक्कर यांचा लोंढा येतो. डॉक्टर याला डंपिंग म्हणतात. हे सरले तरी संकट टळलेले नसते, कारण प्रमाणाबाहेर स्रवलेल्या इन्शुलिनमुळे एक ते तीन तासांनी रक्तातील साखर खाली जाते, आणि त्या वेळी मनुष्य कड्यावरच्या अरुंद वाटेवर असू शकतो. लोणावळ्याची चिक्की मुखी घालावयाचीच असेल, तर मुक्कामी पोहोचल्यावर, जेवणानंतर आणि चिमूटभर.

पाण्याची बाब भुकेइतकीच नाजूक आहे. लहान जठरात पेलाभर पाणी एका दमात मावत नाही, त्यामुळे मागे पडलेले पिणे संध्याकाळी भरून काढता येत नाही. या रुग्णांना प्रवासात रुग्णालयाची पायरी चढावयास लावणारे एक प्रमुख कारण निर्जलीकरण हेच आहे. दर दहा-पंधरा मिनिटांनी दोन घोट, दिवसाकाठी किमान दीड लिटर आणि उन्हातील चढणीवर त्याहून पुष्कळ अधिक, असा क्रम ठेवावा. मात्र जेवताना आणि त्यानंतर अर्धा तास पाणी टाळावे. बिनसाखरेचे ताक किंवा मिठाचे लिंबूपाणी चालते.

गुडघा दुखला म्हणून सोबत्याने दिलेली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी घेण्याची मुभा बायपास झालेल्याला नाही, कारण तिच्यामुळे जठर व आतडे यांच्या जोडावर व्रण होऊन रक्तस्राव होऊ शकतो; पॅरासिटमॉलवर भागवावे. मधुमेहाच्या व रक्तदाबाच्या जुन्या गोळ्याही वजन उतरल्यावर जुन्याच मात्रेत घेत राहणे धोक्याचे असते. जठरातील टाके बहुधा टायटॅनियमचे आणि अतिसूक्ष्म असतात. विमानतळाच्या तपासणीत ते वाजतील ही भीती निराधार आहे.

‘चार दिवस जीवनसत्त्वे चुकली तर काय बिघडते?’ असे विचारणाऱ्याला मी सांगेन की, चार दिवसांची सवलत पाहता पाहता चार महिन्यांची होते. बायपासमध्ये लोह शोषून घेणारा आतड्याचा प्रारंभीचा भागच वगळला जातो, आणि ब-१२ शोषण्यास लागणारे जठरातील प्रथिन अन्नापर्यंत पुरेसे पोहोचत नाही. परिणामी आलेल्या रक्तक्षयाने चढणीवर धाप लागते, आणि मनुष्य आपल्या वयाला किंवा आळसाला दोष देत बसतो. मोठ्या प्रवासापूर्वी हिमोग्लोबिन, लोहसाठा आणि ब-१२ तपासून घ्यावे. कॅल्शियम व लोह यांच्या गोळ्यांत दोन तासांचे अंतर राखावे.

आळंदीहून पंढरपूरपर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटर चालणाऱ्या वारकऱ्यापुढे आणखी एक पेच असतो. दिवे घाट चढावयाचा आणि त्यातच एकादशी आली, तर साबुदाण्याची खिचडी पुढे येते. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, प्रथिने नाममात्र. व्रत मोडण्याची गरज नाही: दूध, दही, पनीर आणि बारीक चावलेले शेंगदाणे यांवर उपवासही साधतो आणि स्नायूही राखले जातात. वाटेवरच्या गावी प्रेमाने पान वाढणाऱ्या माउलीला ‘माझ्या पोटाचे ऑपरेशन झाले आहे, दोनच घास वाढा’ असे आरंभीच सांगावे. त्यात अन्नाचा अवमान होत नाही, उलट पानात टाकावे लागल्यानेच तो होतो.

आणि खिशात एक चिठ्ठी असावी: कोणती शस्त्रक्रिया, केव्हा झाली, कोणती औषधे चालू आहेत, कोणती वर्ज्य आहेत. सतत उलट्या होऊ लागल्यास शरीरातील थायमिनचा, म्हणजे ब-१ जीवनसत्त्वाचा, साठा काही आठवड्यांत संपतो. चालताना तोल जाणे, दृष्टी दुहेरी होणे, बोलण्यात गोंधळ होणे ही त्याची लक्षणे होत. अशा अवस्थेत केवळ ग्लुकोजचे सलाइन लावले, तर मेंदूला इजा होऊ शकते. म्हणून त्या चिठ्ठीच्या अगदी वरच्या ओळीत, आडगावच्या दवाखान्यातील डॉक्टरांच्या नजरेस चटकन पडेल अशा ठळक अक्षरांत लिहावे: ‘उलट्या होत असतील तर ग्लुकोजच्या आधी थायमिन द्यावे’.