तोडलेल्या फुलाची तहान

झाडावरून फूल खुडले की ते मेले, असे आपण सहज म्हणून जातो. पण तसे नसते. तोडलेले फूल पुढे कित्येक तास, कधी कित्येक दिवस जिवंत असते. ते श्वास घेते, पाणी मागते, अंगात साठवलेली साखर खर्च करते. फरक इतकाच की मुळांकडून येणारी रसद आता बंद झालेली असते. म्हणजे फूल टिकवायचे तर त्याचा खर्च कमी करायचा आणि त्याला पाणी पोचवायचे, एवढेच आपल्या हाती राहते.

एवढेच म्हटले, तरी त्यावर शेतकऱ्याचा संसार अवलंबून असतो. पुरंदर, हवेली, दौंड, मावळ या तालुक्यांतली फुले पुण्याच्या गुलटेकडीच्या बाजारात येतात. दसऱ्याच्या आदल्या दिवशी झेंडूचे ढीग लागतात. आवक वाढली की भाव कोसळतो. फूल संध्याकाळपर्यंत तग धरणार नसेल, तर मिळेल त्या भावाला ते द्यावे लागते. नाहीतर माल तिथेच टाकून परतायचे. फूल एक दिवस जास्त टिकले, तर ‘आज नाही, उद्या देईन’ असे म्हणण्याची सोय तरी राहते.

पहिला शत्रू ऊन. उष्णता दहा अंशांनी वाढली की फुलाच्या श्वसनाचा वेग दुपटी-तिपटीने वाढतो. भर दुपारी तोडलेले फूल आधीच तापलेले नि तहानलेले असते. म्हणून तोडणी पहाटे करावी आणि माल लगेच सावलीत न्यावा. गुलाब बाहेरची पाकळी सुटू लागताच कापावा. निशिगंधाच्या दांडीवरच्या खालच्या एक-दोन जोड्या उमलल्या की दांडी काढावी. झेंडू मात्र पुरता उमलू द्यावा.

विजेची शीतगृहे सर्वांना परवडत नाहीत. त्यावर दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने 1980 च्या दशकाच्या आरंभी एक सोपा उपाय शोधला. सावलीत विटांच्या दोन भिंती, मध्ये तीन इंचांची फट, फटीत वाळू. सकाळ-संध्याकाळ वाळू भिजवायची, वर ओले गोणपाट झाकायचे. माठातले पाणी गार होते, तेच हे तत्त्व. ही योजना मुळात फळे-भाजीसाठी होती, पण फुलांनाही ती मानवते. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात आतली हवा बाहेरच्यापेक्षा बरीच थंड राहते. पावसाळ्यात मात्र तिचा फारसा उपयोग नाही. एक ध्यानात ठेवा : हवा दमट हवी, पण पाकळ्या चिंब भिजवू नका. भिजलेल्या गुलाबाला बुरशी लवकर धरते.

दुसरा शत्रू घाण पाणी. देठात केसांहून बारीक नळ्या असतात. पाण्यात जंतू वाढले की त्या तुंबतात. मग भांडे भरलेले असून फूल तहानेने मान टाकते! म्हणून भांडे स्वच्छ घासावे, पाण्यात बुडणारी पाने काढावीत, देठाचे टोक पाण्याखाली धरून धारदार सुरीने इंचभर कापावे, म्हणजे नळीत हवा शिरत नाही. लिटरभर पाण्यात चहाचे चार चमचे साखर आणि दोन चमचे लिंबाचा रस घालावा. नुसती साखर घालाल तर जंतूंचेच पोट भरेल. पाणीही रोज बदलावे.

तिसरा शत्रू डोळ्यांना दिसत नाही. पिकणाऱ्या फळातून इथिलीन नावाचा वायू निघतो. 1901 मध्ये नेल्युबोव या रशियन शास्त्रज्ञाने वनस्पतींवर त्याचा परिणाम होतो हे दाखवले. गुलाब आणि कार्नेशन यांना हा वायू विशेष बाधतो. तेव्हा पिकत्या केळ्या-आंब्यांबरोबर एकाच टेम्पोत फुले भरू नका. या वायूवर उतारा म्हणून चांदीचे क्षार वापरतात. पण ते सांडपाण्यातून जमिनीत नि ओढ्यात जातात. सजावटीचा हिरवा स्पंजही कुजत नाही. त्याऐवजी ओली वाळू किंवा केळीचा सोट वापरा.

कुंडीतल्या रोपाचा न्याय वेगळा. त्याला मुळे आहेत आणि मुळांनाही हवा लागते. पाठवण्याच्या आदल्या संध्याकाळी पाणी द्या, निथळू द्या. बंद गाडीत फार वेळ कोंडू नका. घरी आणल्यावर चार दिवस उजेडाच्या सावलीत ठेवा, मग हळूहळू उन्हाची सवय लावा. बशीत पाणी साचू देऊ नका, मुळे कुजतात.

शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी वर्गात एक प्रयोग करावा. दोन ग्लासांत सारख्याच शेवंत्या ठेवाव्यात. एकातले पाणी रोज बदलावे, दुसऱ्यातले तसेच राहू द्यावे. मुलांना रोजची नोंद करू द्यावी. तिसऱ्या ग्लासात पांढरी शेवंती आणि शाई टाकलेले पाणी ठेवले, तर पाणी कुठवर चढते ते मुले स्वतःच बघतील.

अधिक माहितीसाठी तळेगाव दाभाडे येथे राष्ट्रीय सुगी पश्चात तंत्रज्ञान संस्था आहे. तिथे जरूर विचारावे. आणि इतके करूनही फूल कधीतरी कोमेजणारच. तेव्हा ते नदीत सोडू नका. दोरा, तार, प्लॅस्टिक काढून खताच्या खड्ड्यात टाका. ज्या मातीने फूल दिले, तिचे देणे तिला परत मिळेल.