धूळ मोजणारी माणसं

मुंबईत शीवला, पूर्व द्रुतगती मार्गाजवळ केंद्रीय श्रम संस्थेची इमारत आहे. १९५९ साली लहानशा जागेत सुरू झालेली ही संस्था फेब्रुवारी १९६६ मध्ये इथे आली. त्याच वर्षी ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली, आणि अहमदाबादला बी. जे. मेडिकल कॉलेजात कामगारांच्या आजारांवर संशोधन करणारी संस्था उभी राहिली. तिलाच १९७० पासून राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था म्हणतात. म्हणजे काम करताना माणूस आजारी पडू नये, जायबंदी होऊ नये, यासाठी सरकारी पुढाकाराची यंत्रणा आपल्याकडे साठ वर्षांपूर्वीच उभी राहिली होती. कोलकाता, चेन्नई, कानपूर आणि फरिदाबादला शीवच्या संस्थेची भावंडं आहेत. तरीही कारखान्यात आयुष्य काढलेल्या माणसाला विचारा, यातल्या एकाचंही नाव त्याच्या कानावर आलेलं नसण्याची शक्यताच जास्त.

या संस्था रुग्णालयं नाहीत. रुग्णालयाचं काम माणूस आजारी पडल्यावर सुरू होतं. यांचं काम तो आजारी पडायच्या आधीचं. कारखान्यातली हवा, आवाज, उष्णता, प्रकाश, यंत्रांची आखणी, रसायनांची वाफ हे सगळं मोजायचं, त्यातलं माणसाला काय आणि किती बाधतं ते ठरवायचं आणि उपाय सुचवायचा. शिवाय कारखान्यांसाठी सुरक्षा अधिकारी तयार करायचे, डॉक्टरांना औद्योगिक आरोग्याचा तीन महिन्यांचा अभ्यासक्रम शिकवायचा.

मोजायचं म्हणजे नेमकं काय करायचं, ते एका उदाहरणातून पाहू. कोल्हापूरजवळ शिरोली, गोकुळ शिरगावच्या पट्ट्यात फाउंड्र्या आहेत. वाळूच्या साच्यात वितळलेलं लोखंड ओततात, साचा फोडून कास्टिंग बाहेर काढतात आणि त्याला चिकटलेली वाळू ग्राइंडरने घासून टाकतात. या शेवटच्या कामाला फेटलिंग म्हणतात. वाळू म्हणजे मुख्यतः सिलिका. फेटलिंग करणाऱ्याच्या तोंडासमोर तिची धूळ उडत असते.

ही धूळ मोजायला आलेला माणूस शेडच्या मध्यभागी यंत्र ठेवून बसत नाही. तो कामगाराच्या कमरपट्ट्याला तळहातावर मावेल एवढा, बॅटरीवर चालणारा पंप लावतो. पंपाची नळी पाठीवरून कॉलरपर्यंत आणून नाका-तोंडाच्या जवळ अडकवतो. नळीच्या टोकाला धातूची एक छोटी कुपी असते, तिला सायक्लोन म्हणतात. ओढलेली हवा तिच्यात गरगर फिरते, जाड कण खाली पडतात आणि फक्त बारीक कण गाळणकागदावर जाऊन बसतात. कामगार पाळीभर नेहमीचं काम करतो, चहाला जातो, परत येतो. मग तो कागद प्रयोगशाळेत नेतात. आधी केलेलं वजन आणि आताचं वजन यांतला फरक काढतात. धुळीत क्वार्ट्झ, म्हणजे स्फटिकरूप सिलिका, किती टक्के आहे तेही तपासतात.

ते टक्के कशाला, तर कायद्याची मर्यादा त्यांवर ठरते म्हणून. २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीत एक सूत्र होतं : क्वार्ट्झच्या टक्क्यांत दोन मिळवायचे आणि दहाला त्या आकड्याने भागायचं. धुळीत ४८ टक्के क्वार्ट्झ असेल तर दहा भागिले पन्नास, म्हणजे एका घनमीटर हवेत ०.२ मिलिग्रॅम. मिठाच्या तीन-चार कणांचं वजन भरेल तेवढी धूळ! त्याहून जास्त असेल तर ती हवा पाळीभर श्वासात घेण्याजोगी नाही.

मोजण्यावाचून इलाज नाही, याचं कारण आपले डोळे इथे फसतात. उन्हाच्या तिरिपेत नाचताना दिसते ती धूळ बरीच जाड असते. नाक आणि घसा तिला अडवतात, ती थुंकीवाटे बाहेर पडते. पाच मायक्रॉनहून बारीक कण दिसत नाहीत, आणि फुप्फुसाच्या तळाशी वायुकोशांपर्यंत पोहोचतात ते हेच. तिथल्या पेशी त्यांना गिळतात, पण पचवू शकत नाहीत. पेशी मरतात, कण पुन्हा मोकळे होतात, भोवती व्रण धरतो. असे हजारो व्रण होऊन फुप्फुस कडक होत जातं. हा सिलिकोसिस. काम सोडल्यावरही तो वाढत राहू शकतो.

मोजून झालं की उपाय, आणि उपायांना एक क्रम असतो. आधी बाधणारी वस्तूच बदलता येते का ते पाहायचं. नाही आली तर दगडावर, वाळूवर पाणी मारून धूळ उडण्याआधीच बसवायची. यंत्र झाकायचं. उडालेली धूळ जिथे उडते तिथूनच पंख्याने ओढून न्यायची. हे सगळं करूनही काही उरलं, तर मास्क. आपल्याकडे हा क्रम बहुतेक ठिकाणी उलटा चालतो. मास्क स्वस्त असतो, वाटला की फोटो काढता येतो. त्यातही बऱ्याच जागी मास्क म्हणजे तोंडाला बांधलेला रुमाल किंवा पंचा असतो, आणि त्याच्या विणीतून हे कण सहज आत जातात. उन्हाळ्यात भट्टीजवळ आठ तास खरा मास्क लावून जड काम करणं किती कठीण आहे, हे तो वाटणाऱ्याने एकदा स्वतः करून पाहावं.

अहमदाबादच्या संस्थेने हे काम गुजरात-मध्य प्रदेशातल्या अगदी लहान धंद्यांत जाऊन केलं. मध्य प्रदेशात मंदसौरला पाटीवरच्या पेन्सिली कापण्याचा धंदा होता. आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी पाटीवर त्या पेन्सिलींनी अक्षरं गिरवली आहेत. तो दगड कापताना उडणाऱ्या धुळीत क्वार्ट्झ भरपूर. संस्थेने तिथल्या कामगारांची तपासणी करून १९८५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा तपासलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांना सिलिकोसिस निघाला. खंभातला अकीक घासून मणी करतात, तेही बरंचसं घरातच. धूळ कारागिराबरोबर त्याच्या बायकामुलांच्याही छातीत जाते. तिथे संस्थेने घासण्याच्या चाकाशेजारीच धूळ ओढून घेणारी यंत्रणा तयार करून दिली. मला हे काम मोठं वाटतं, कारण तिथे संस्थेला बोलावणारा कोणी बडा मालक नव्हता.

मुंबईपुरतं बोलायचं तर गिरणगावाची गोष्ट सांगायला हवी. कापसाच्या धुळीने बिसिनोसिस होतो. ब्लो रूम आणि कार्डिंग खात्यात, जिथे कापूस मोकळा करतात आणि पिंजतात, तिथे धूळ सर्वांत जास्त. या आजाराची एक खूण आहे : आठवड्याच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला छाती आवळून येते. पुढच्या दिवशी कामावर गेलं की बरं वाटतं. रविवारी सुट्टी असलेल्याला सोमवारी त्रास व्हायचा, आणि सोमवारी नकोसं वाटणं कोणाला चुकलं आहे, म्हणून त्याकडे काणाडोळा व्हायचा. ब्रिटनमध्ये डॉ. रिचर्ड शिलिंग यांनी या सोमवारच्या तक्रारीवरूनच आजाराच्या पायऱ्या ठरवल्या : कधीमधी सोमवारी, मग दर सोमवारी, मग इतर दिवशीही. शेवटच्या पायरीला दम कायमचा लागतो आणि तेव्हा तो विडी ओढणाऱ्याच्या जुनाट खोकल्यासारखाच दिसतो. परळच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. एस. आर. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दोहोंत फरक कसा करायचा यावर १९८१ मध्ये शोधनिबंध लिहिला. १९८२ च्या जानेवारीत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, पुढे गिरण्या बंद पडत गेल्या, माणसं कोकणात, घाटावर गावाकडे गेली. त्यांतल्या कितींचा दम कापसाचा होता आणि कितींचा विडीचा, हे सोमवारचा प्रश्न वेळेवर विचारला गेला असता तरच कळलं असतं.

आपली साखळी इथेच तुटते. ज्ञान आहे, उपकरणं आहेत, कायदाही होता. कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत सूचनायोग्य आजारांची यादी होती, एकूण २९. शिशाची विषबाधा, सिलिकोसिस, बिसिनोसिस, आवाजाने येणारं बहिरेपण, सगळं तीत होतं. यांपैकी काही आढळलं तर कारखान्याने आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरनेही मुख्य कारखाना निरीक्षकाला कळवायचं, असं कलम ८९ सांगत असे. महाराष्ट्रात हे काम औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे असतं. पण डॉक्टरने कामाविषयी विचारलंच नाही, तर त्याला आजार दिसणार कुठून? फाउंड्रीतला माणूस खोकत येतो, वजन उतरलेलं असतं, एक्स-रेवर डाग दिसतात, टीबीचं औषध सुरू होतं. सिलिकामुळे टीबीचा धोका खरोखरच वाढतो, त्यामुळे निदान पूर्ण चुकलेलं असतं असंही नाही. पण कागदावर नुसता टीबी राहतो आणि धुळीचं नाव कुठेच येत नाही. उद्या त्याच शेडमध्ये त्याच जागी दुसरा पोरगा उभा राहतो. इटलीतल्या रामाझिनी नावाच्या वैद्याने १७०० साली कामकऱ्यांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. तुम्ही काम काय करता, हे रुग्णाला विचारा, असं त्याने वैद्यांना बजावलं होतं. सव्वातीनशे वर्षांनंतरही आपल्या ओपीडीच्या केसपेपरवर व्यवसायाचा रकाना रिकामा राहतो, याचा मला राग येतो.

स्थलांतरितांच्या बाबतीत तर अंतरही आडवं येतं. मध्य प्रदेशातल्या अलीराजपूर आणि झाबुआतले आदिवासी गुजरातमधल्या क्वार्ट्झ दळण्याच्या कारखान्यांत कामाला जात. आजारी पडून गावी परतत आणि गावी मरत. कारखाना एका राज्यात, मृत्यू दुसऱ्यात. हे प्रकरण वर्षानुवर्षं लढलं गेलं. अखेर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरात सरकारला २३८ मृत कामगारांच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख रुपये द्यायला सांगितलं. राजस्थानने २०१९ मध्ये धोरणच आखलं : सिलिकोसिसचं निदान झालं की तीन लाख, मृत्यूनंतर कुटुंबाला आणखी दोन लाख, आणि नोंदणी आरोग्य केंद्रापासून सुरू. भरपाईने फुप्फुस परत मिळत नाही. पण नोंद झाली की कोणत्या तालुक्यात, कोणत्या धंद्यात आजार आहे ते कळतं, आणि धूळ मोजणाऱ्यांना कुठे जायचं ते समजतं. प्रत्येक राज्याने एवढं तरी उचलावं.

आणखी एक गोष्ट घेण्यासारखी आहे, ती अमेरिकेतली. १९७० च्या कायद्याने तिथे कामगार-आरोग्याची राष्ट्रीय संशोधन संस्था स्थापन झाली. मालक, संघटना किंवा कोणतेही तीन कामगार अर्ज करून तिला आपल्या जागी तपासणीला बोलावू शकतात आणि आपली नावं गुप्त ठेवायला सांगू शकतात. २००० साली मिसुरी राज्यात पॉपकॉर्नच्या एका कारखान्यातल्या आठ माजी कामगारांना फुप्फुसाचा एक दुर्मीळ, बरा न होणारा आजार असल्याचं एका डॉक्टरच्या लक्षात आलं. त्याने राज्याच्या आरोग्य खात्याला कळवलं आणि खात्याने या संस्थेला बोलावलं. लोण्याचा स्वाद देणाऱ्या डायअसेटिल नावाच्या रसायनाची वाफ कारणीभूत निघाली. खाण्याला सुरक्षित मानलेला पदार्थ श्वासातून घातक ठरू शकतो, हे त्यातून जगाला कळलं. एका डॉक्टरने जोडलेला धागा होता तो. आणि अशी संस्थाही कायमची सुरक्षित नसते : एप्रिल २०२५ मध्ये तिथल्या बहुतेक कर्मचाऱ्यांना काढण्याचे आदेश निघाले, कोळसा खाणकामगारांच्या फुप्फुसांची तपासणी थांबली आणि ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून एका खाणकामगाराला न्यायालयात जावं लागलं.

आपल्याकडे २१ नोव्हेंबर २०२५ पासून कारखाने अधिनियमाच्या जागी नवी श्रमसंहिता लागू झाली. तिने कामगारांच्या मोफत वार्षिक आरोग्य तपासणीची तरतूद केली, हे चांगलं झालं. पण कारखाना कशाला म्हणायचं याची मर्यादाही वाढवली : वीज वापरणाऱ्या जागी दहाऐवजी वीस कामगार, वीज नसलेल्या जागी वीसऐवजी चाळीस. धुळीची सर्वाधिक मात्रा ज्या लहान शेडमध्ये असते, तिथे बरेचदा वीस माणसं नसतात. मोजणाऱ्यांनी आधी तिथे जायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे. तीन कामगारांच्या अर्जावर पंप घेऊन येणारा माणूस प्रत्येक औद्योगिक वसाहतीला मिळाला पाहिजे.

तोवर वाचकांना एक विनंती. तुम्ही किंवा घरातलं कोणी फाउंड्रीत, यंत्रमागावर, खडी क्रशरवर, बांधकामावर, बॅटरीच्या किंवा प्लेटिंगच्या कामावर असेल, तर एका कागदावर लिहून ठेवा : कोणतं काम, कुठे, किती साल ते किती साल, कशाची धूळ किंवा वाफ. जुने एक्स-रे टाकू नका. पगाराची चिठ्ठी आणि विमा कार्ड त्याच पिशवीत ठेवा. पुढच्या वेळी खोकला, दम किंवा कमी ऐकू येतं म्हणून दवाखान्यात जाल, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं नाही तरी तो कागद त्यांच्यापुढे ठेवा आणि केसपेपरवर लिहायला सांगा.