'तेन्द्रा' म्हणजे येईल की असेल?

आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त स्पेनला गेले आणि सूनबाई तिथल्याच आल्या. विहीणबाईंना इंग्रजी येत नाही, आणि नातवाची खुशाली तर हवीच. म्हणून साठी उलटल्यावर आम्ही उभयता इथे बडोद्यात स्पॅनिश शिकायला बसलो.

पुस्तक इंग्रजीतलं. त्यात 'तेनेर' म्हणजे 'जवळ असणे' या क्रियापदाचा भविष्यकाळ आम्ही पाढ्यासारखा घोकला: मी तेन्द्रे, तू तेन्द्रास, तो किंवा ती तेन्द्रा, आम्ही तेन्द्रेमोस, तुम्ही तेन्द्रेइस, ते तेन्द्रान. (त्यांच्याकडेही 'तू'ला 'तू'च म्हणतात! विहीणबाईंना मात्र आदरार्थी 'उस्तेद' म्हणायचं, आणि त्यापुढे 'तेन्द्रा' लावायचं.) खरं तर 'तेनेर'ला नुसते प्रत्यय लागायचे, पण मधला 'ए' गळतो आणि 'द' येऊन बसतो. 'वेनिर' म्हणजे येणे, त्याचंही तसंच 'वेन्द्रा' होतं. प्रत्यय मात्र सगळ्या क्रियापदांना तेच, ही मोठी सोय.

एका दुपारी विहीणबाईंचा फोन आला. नातू त्यांच्याकडे होता, जेवत नव्हता. त्या म्हणाल्या, "तेन्द्रा फ्येब्रे." फ्येब्रे म्हणजे ताप. भूक, ताप, वय हे सगळं तिकडे 'तेनेर'नेच सांगतात. आम्ही पुस्तकी अर्थ लावला: ताप येईल. लस टोचली असेल, असं समजून "ब्येन, ब्येन" म्हणजे "छान, छान" म्हणून फोन ठेवला. रात्री चिरंजीवांकडून कळलं, पोराला तेव्हाच १०२ ताप होता. विहीणबाई म्हणत होत्या, "याला ताप असेल हो!" आणि आम्ही म्हणालो छान. नंतर माफी मागितली, पण तो फोन आठवला की अजून ओशाळायला होतं.

खरं तर हे आपल्याला न शिकवता कळायला हवं होतं. "तो घरी असेल" हे आपण उद्याबद्दल म्हणतो, तसंच आत्ताबद्दल अंदाज म्हणूनही म्हणतो. शेजारचे गुजराती 'हशे' म्हणतात, हिंदीत 'होगा'. स्पॅनिशमध्येही अगदी तसंच. 'एस्तारा एन कासा' म्हणजे घरी असेल. "चाळिशीचा असेल" याला 'तेन्द्रा क्वारेन्ता आन्योस'. वेळेचा अंदाज तर ऐकण्यासारखा आहे: एक वाजला असेल तर 'सेरा ला ऊना', दोन वाजले असतील तर 'सेरान लास दोस'. एकाला एकवचन, दोनपासून अनेकवचन, थेट आपल्यासारखं. आम्ही मराठी बाजूला ठेवून इंग्रजीच्या खिडकीतून पाहत बसलो, तिथेच फसलो. बँकेत 'बाकी असेल' चालायचं नाही, 'आहे' की 'नाही' एवढंच सांगायचं. ती सवयही नडली असावी.

मग ओळखायचं कसं? 'मान्याना' म्हणजे उद्या, असा काळाचा शब्द असेल तर बहुधा भविष्य. तसा शब्द नसेल आणि बोलणं आत्ताचं चाललं असेल, तर बहुधा अंदाज. शिवाय पुढच्या बेताबद्दल रोजच्या बोलण्यात ते जास्त करून 'वोय आ' वापरतात. 'वोय आ कोमेर' म्हणजे मी जेवणार आहे. त्यामुळे साध्या गप्पांत 'तेन्द्रा' कानावर पडलं, तर ते अंदाजाचं असण्याची शक्यता बरीच.

आता विहीणबाई 'तेन्द्रा' म्हणाल्या की आम्ही लगेच विचारतो, "आओरा?" म्हणजे, आत्ता का?