ठमीचं पथ्यपाणी – भाग ७ : सोड्यांचा वास

या आठवड्यात रक्ततपासणीचा कागद उलगडायचा, पांढऱ्या पेशींचे आकडे कसे वाचायचे ते सांगायचं, असं कबूल केलं होतं. ते पुढच्या खेपेला. नाशिकहून एका ताईंचं पत्र आलंय आणि ते वाचल्यापासून माझं दुसऱ्या कशात मन लागत नाही.

त्यांचा बोका नऊ वर्षांचा. आतड्याचा लिम्फोमा हा कर्करोग, म्हणजे आमच्या मांजरीचा, ठमीचाच आजार. दर आठवड्याला केमोच्या इंजेक्शनासाठी त्याला मुंबईला नेतात. तिसऱ्या इंजेक्शनानंतर दोन दिवस झाले, त्याने ताटलीला तोंड लावलेलं नाही. ताई लिहितात, ‘‘सासूबाई म्हणतात, लंघन चांगलं असतं, पोटाला विसावा मिळतो. त्या बोटाने दूधभात चाटवतात, तेवढा तो चाटतो. थांबू का अजून दोन दिवस?’’

ताईंशी त्याच संध्याकाळी फोनवर बोललो. थांबू नका, उद्या सकाळी न्या, एवढंच सांगितलं. पण हा प्रश्न एकट्या नाशिकचा नाही. गेल्या काही वर्षांत ज्या ज्या घरात मी आजारी मांजर पाहिलं, तिथे कोणीतरी वडीलधारं हेच म्हणालं होतं. आमच्याकडे माझी आई म्हणाली होती.

माणसाला लंघन मानवतं, कारण उपास पडला की आपलं शरीर काटकसरीला लागतं. मांजराला ही काटकसर येत नाही. हा पक्का मांसाहारी जीव. त्याच्या यकृतातली प्रथिनं जाळण्याची भट्टी अन्न असो-नसो, धगधगतच राहते. खायला मिळालं नाही की अंगावरची चरबी सुटते आणि रक्तावाटे यकृतात येऊन पडते. आलेली चरबी तितक्या वेगाने उपसणं मांजराच्या यकृताला जमत नाही. पेशीपेशीत ती साचत जाते आणि यकृतच बंद पडू लागतं. दोन-तीन दिवसांच्या उपासातही याची सुरुवात होऊ शकते, आणि मांजर जितकं गुबगुबीत तितका धोका जास्त. कानाची आतली कातडी, हिरड्या, डोळ्यांतला पांढरा भाग पिवळा दिसायला लागला की समजायचं, कावीळ झालीय. कर्करोगावर औषध लागू पडतंय, गाठ लहान होतेय, आणि मांजर मात्र उपासाने जातंय, असं घडतं. म्हणून मी माझ्यापुरता नियम केलाय : एक अख्खा दिवस काही खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन, दुसऱ्या दिवशीही नाही तर मांजर टोपलीत घालून दवाखान्यात. दूधभाताची दोन बोटं चाटली, हे खाल्ल्यात धरायचं नाही.

भूक का जाते, हे कळलं की निम्मी घालमेल कमी होते. ठमीला पहिल्या आठवड्यापासून जे इंजेक्शन मिळत होतं ते विनक्रिस्टीन. हे औषध सदाफुलीपासून मिळतं. हो, आपल्या गॅलरीत, देवळामागे, कुंपणाच्या फटीत उगवते तीच गुलाबी-पांढरी सदाफुली. हे वाचून कोणी पानांचा काढा करायला घेऊ नका. झाड विषारी आहे आणि औषध त्यातून फार कष्टाने वेगळं काढावं लागतं. पेशी दुभंगताना आत जे सूक्ष्म धागे विणले जातात, ते विनक्रिस्टीन विणू देत नाही. म्हणून भराभर वाढणारी कर्करोगाची पेशी अडते. पण मज्जातंतूंचा कारभारही तशाच धाग्यांवर चालतो. त्यामुळे आतड्यांची हालचाल मंदावते, मळ खडा होतो, पोट जड राहतं. ठमीच्या वहीत पाहिलं तर इंजेक्शनानंतरचे तिसरा, चौथा आणि पाचवा हे दिवस दर खेपेला वाईट. ते ठाऊक झाल्यावर मी मळमळीचं औषध त्या दिवसांआधीच सुरू करायची परवानगी डॉक्टरांकडून मागून घेतली.

मळमळ ओळखायला मात्र शिकावं लागतं, कारण प्रत्येक मांजर ओकत नाही. ठमी ताटलीपाशी यायची, वास घ्यायची, ओठ चाटायची, एक आवंढा गिळायची आणि तोंड फिरवायची. कधी ताटलीभोवतीची फरशी पंजाने खरवडायची, शी केल्यावर माती ओढतात तशी. आई म्हणायची, ‘‘बघ, नखरे करतेय.’’ मलाही आधी तसंच वाटलं. ती भूक असूनही पोटात ढवळत असल्याची खूण होती. अशा वेळी ताटली पुढे सरकवत राहणं ही सगळ्यात मोठी चूक, आणि ती मी केली. ढवळत असताना ज्या अन्नाचा वास नाकात गेला, ते अन्न मांजराच्या डोक्यात आजाराशी जोडलं जातं आणि बरं वाटल्यावरही ते त्याला नकोसं होतं. ठमीचा जीव होता बांगड्यावर. मी प्रेमाने दिवसातून पाच वेळा उकडलेला बांगडा तिच्या नाकाशी नेला. त्यावर कडी म्हणजे प्रेडनिसोलोनची कडू गोळी त्याच बांगड्यात लपवली. त्यानंतर ठमीने जिवंत असेपर्यंत बांगड्याला तोंड लावलं नाही. गोळी गोळीच्या वेळी, रिकाम्या कॅप्सूलमध्ये भरून, जेवणापासून लांब. आवडीचा पदार्थ आजारात अजिबात वापरू नका, तो बरं होण्याच्या दिवसांसाठी जपून ठेवा. ताटली वीस मिनिटं ठेवायची, नाही खाल्लं तर काही न बोलता उचलायची.

आता दूधभात. माझ्या आईच्या हातून आमच्या वाड्यात मांजरांच्या चार पिढ्या दूधभात खाऊन मोठ्या झाल्या, हे ती मला दर दोन दिवसांनी ऐकवायची. त्या पिढ्या उंदीर मारत होत्या, पाली खात होत्या, कोळणीच्या पाटीमागे फिरत होत्या. दूधभात त्यांचं वरखाणं होतं. घरात बसलेल्या, अकरा वर्षांच्या, आतड्यांना सूज असलेल्या मांजरीला त्यात काय मिळणार? मोठ्या मांजरांपैकी बहुतेकांना दुधातली साखर पचत नाही, जुलाब होतात. आणि आई त्यात चिमूटभर साखर घालायची, ‘‘तोंडाला चव येईल’’ म्हणून. मांजराला गोड कळतच नाही. २००५ साली फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतल्या संशोधकांनी दाखवलं की गोड ओळखायला लागणाऱ्या दोन जनुकांपैकी एक मांजरात तुटलेलं आहे; वाघ आणि चित्त्यातही तसंच. दुधाकडे मांजर येतं ते सायीच्या ओढीने.

हे सगळं मी आईला सांगितलं. ती काही बोलली नाही. त्या दिवशी तिने दूधभाताची वाटी धुऊन पालथी घातली आणि दुपारभर माझ्याशी बोलली नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईच्या हातून मायेने भरवण्याची एकुलती एक रीत मी काढून घेतली होती, हे मला नंतर जाणवलं.

त्यानंतर दोन दिवसांनी, म्हणजे दुसऱ्या इंजेक्शनानंतरच्या चौथ्या दिवशी, आई स्वयंपाकघरात सोडे, म्हणजे सुकी कोलंबी, भाजत होती. खिचडीचा बेत होता. आमचं घर सीकेपी. सोड्यांशिवाय श्रावण संपल्याचं आमच्याकडे कोणाला पटत नाही. तव्यावर सोडे पडले, तो वास पसरला, आणि पलंगाखाली तोंड खुपसून पडलेली ठमी बाहेर आली. चालत स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आली आणि बसली. आईने भाजलेला एक सोडा खलबत्त्यात कुटून त्याची पूड केली, उकडलेल्या कोंबडीच्या दोन चमचे लगद्यावर भुरभुरली आणि ताटली ठमीपुढे न ठेवता स्वतःच्या पायाशी ठेवली. म्हणाली, ‘‘तिच्याकडे बघू नकोस. तू बघतोस म्हणून ती खात नाही.’’ ठमीने दोन्ही चमचे संपवले.

मांजर नाकाने जेवतं. माणसाच्या जिभेवर हजारो रुचिकलिका असतात, मांजराच्या जिभेवर जेमतेम काहीशे. अन्न ताजं आहे का, ओळखीचं आहे का, तोंडात घेण्याजोगं आहे का, हे सगळं नाक ठरवतं. फ्रिजमधलं गार अन्न वास देत नाही, म्हणून आजारी मांजरापुढे गार अन्न ठेवण्यात अर्थ नाही. वाटी गरम पाण्यात ठेवून अन्न मांजराच्या अंगाइतकं, म्हणजे ३८ अंशांच्या आसपास कोमट करायचं आणि मनगटावर लावून पाहायचं. मासळीच का, याचंही उत्तर आता हाती आलंय. २०२३ साली इंग्लंडमधल्या वॉल्थम संस्थेने प्रसिद्ध केलेल्या कामात दिसलं की मांजराच्या जिभेवर मांसरसाची चव, जिला जपानी लोक उमामी म्हणतात, ती ओळखणारी यंत्रणा शाबूत आहे, आणि हिस्टिडिन व आयनोसिन मोनोफॉस्फेट ही जोडी तिला सर्वांत भावते. ही जोडी ट्यूना माशात भरपूर असते. गोडाचं दार बंद, पण या दारापाशी मांजर उभंच असतं.

दोन सूचना, आणि त्या आईनेही मानल्या. सोडे मीठ न लावता वाळवलेले हवेत आणि पूड चिमूटभरच, वासापुरती. मूत्रपिंडाचं दुखणं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तेवढीही नाही. दुसरी अधिक महत्त्वाची : कांदा-लसूण अजिबात नको. शिजवलेला असो, वाळवलेला असो की रश्श्यात उतरलेला. तो मांजराच्या तांबड्या पेशी फोडतो, आणि औषधांनी रक्त आधीच पातळ झालेल्या मांजराला हे परवडणारं नाही. म्हणजे आईच्या सोड्यांच्या खिचडीतला एक घासही ठमीच्या वाट्याला नाही. कच्ची मासळी, कच्चं मांस हेही या काळात वर्ज्य. पांढऱ्या पेशी घसरलेल्या असतात. पुढच्या आठवड्याच्या कागदाचा विषय तोच.

भूक वाढवण्याच्या गोळ्या आहेत. मिरटाझापिन हे माणसाच्या नैराश्यावरचं औषध. त्याने भूक लागते, म्हणून मांजरांना अगदी लहान तुकडा देतात. अमेरिकेत २०१८ पासून त्याचं मांजराच्या कानात चोळायचं मलमही मिळतं. ठमीला त्याचा उपयोग झाला. मात्र तुकडा थोडा मोठा पडला त्या रात्री ती पहाटेपर्यंत घरभर ओरडत फिरली. प्रमाण डॉक्टरांचंच, आणि त्यांच्याकडूनच तुकडे करून घ्या.

सोडे, कोमट लगदा, गोळी, सगळं करूनही चौथ्या इंजेक्शनानंतर ठमी खायची थांबली. आमच्याकडे बाळाचा काटा होता, पाच ग्रॅमचा फरकही दाखवणारा. तो प्रत्येकाने घ्यावा, स्वतः मांजर उचलून वजनकाट्यावर उभं राहू नये. ३ किलो ४०० ग्रॅमच्या मांजराचे १०० ग्रॅम घटले, तर साठ किलोच्या माणसाचे पावणेदोन किलो गेल्यासारखं आहे. ठमीचे आठवड्यात १८० गेले. डॉक्टरांनी मानेतून नळी घालायचं सुचवलं आणि मी नाही म्हणालो.

त्या नकाराबद्दल मला आजही वाईट वाटतं, म्हणून नळीवर जरा रेंगाळतो. नळी म्हणजे शेवट, नळी म्हणजे अतिदक्षता विभाग, असं आपल्या मनात पक्कं बसलेलं असतं. मी पाच दिवस सिरिंजने बळेच भरवलं. रोज दोन वेळा ती मला पाहून कपाटामागे जाऊन बसायची. आमचं नातं त्या पाच दिवसांत जितकं बिघडलं, तितकं सगळ्या सुयांनी मिळून बिघडलं नव्हतं. सहाव्या दिवशी नळी बसली. थोडी भूल, मानेच्या डाव्या बाजूला छोटा छेद, तिथून अन्ननलिकेत उतरवलेली मऊ नळी, वरून पट्टी. काम पंधरा-वीस मिनिटांचं. घसा मोकळा राहतो, त्यामुळे नळी असतानाही मांजर तोंडाने खाऊ-पिऊ शकतं. गोळ्या कुटून पाण्यात कालवून तिथूनच जातात. फक्त केमोच्या गोळ्या कधीही कुटायच्या नाहीत, फोडायच्या नाहीत.

हिशेब असा. वजनाचा पाऊण घात काढून त्याला ७० ने गुणलं की पडून असलेल्या मांजराची दिवसाची गरज मिळते. ठमीच्या वजनाला ती १७० कॅलरींच्या आसपास आली. पहिल्या दिवशी तिच्या तिसऱ्या भागाइतकंच द्यायचं, तीन दिवसांत पूर्णावर यायचं. बराच उपास घडलेल्या पोटाला एकदम भरलं तर रक्तातले क्षार ढासळतात. अन्न मांजरासाठीच बनवलेलं, पातळ केलेलं, कोमट. नुसतं कोंबडीचं पाणी चालणार नाही. मांजराला टॉरिन बाहेरून मिळावंच लागतं, नाहीतर डोळे आणि हृदय जातं. पॉल पायन यांनी १९८७ मध्ये कॅलिफोर्नियात ते हृदयाचं कोडं सोडवलं. सिरिंज सावकाश दाबायची, एका जेवणाला दहा-पंधरा मिनिटं. शेवटी थोडं पाणी सोडून नळी धुवायची, नाहीतर ती तुंबते.

हे काम आईने मागून घेतलं. मी सिरिंज भरून द्यायचो, ती मांडीवर ठमीला घेऊन इतक्या सावकाश दाबायची की ठमी निम्म्यातच झोपायची. तिच्या हाताला भरवायला पुन्हा काहीतरी मिळालं होतं. ठमी कपाटामागे जायची थांबली. अकराव्या दिवशी नळीचं जेवण चालू असताना तिने मान वळवून आईची बोटं हुंगली. आईने मला हाक मारली, ‘‘अरे, तव्यावर दोन सोडे टाक.’’

नळी पाच आठवडे राहिली. काढली त्या दिवशी वजन ३ किलो ५६० भरलं.

नाशिकच्या बोक्याची नळी परवा बसली. काल रात्री ताईंचा निरोप आला : तीन वेळा मिळून साठ कॅलरी गेल्या, उलटी नाही, सासूबाई सिरिंज धरायला शिकल्या आहेत. रक्ताचा कागद पुढच्या आठवड्यात. आपापल्या मांजरांचे जुने रिपोर्ट असतील तर काढून ठेवा, ते समोर ठेवूनच वाचू.